बाप की चुलता? जनक-चाचणीच्या अहवालाने न दिलेले उत्तर

रोहतक, जींद, हिसार हा मुऱ्हा म्हशींचा मूळ टापू. या भागात पारडीचा सौदा ठरताना तिच्या आईच्या दुधाइतकेच तिच्या बापाचे नाव विचारले जाते. नामांकित रेड्याची पारडी असेल तर बोली वेगळ्या आकड्यापासून सुरू होते. आता अशी कल्पना करावी की म्हैस पहाटे माजावर आली, सकाळी कृत्रिम रेतन झाले आणि संध्याकाळपर्यंत माज ओसरला नाही, म्हणून मालकाने मनाच्या समाधानासाठी ती गावातील रेड्याकडेही नेली. म्हैस गाभण राहिली, सुमारे दहा महिन्यांनी पारडी झाली. पारडी कोणाची? रेतमात्रेवरील रेड्याची की गावातील रेड्याची? येथपर्यंत प्रश्न सोपा आहे, कारण दोन परक्या रेड्यांत निवाडा करणे डीएनए चाचणीला अवघड नाही. परंतु गावातील रेडा हा रेतमात्रेवरील रेड्याचा सख्खा भाऊ असेल तर? चांगल्या म्हशीची लागोपाठच्या वेतांतील दोन रेडकी, एक रेतन केंद्राला दिलेले आणि दुसरे गावात ठेवलेले, ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. अशा वेळी पारडीच्या शेपटीचे केस प्रयोगशाळेत जातात, सोबत एकाच रेड्याचा नमुना जातो आणि अहवाल येतो: ‘नमूद रेडा जनक असण्याची शक्यता ९९.९९ टक्के.’ अहवालातील आकडेमोड बिनचूक असते. तरीही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी जनक-चाचणीचे मूळ तत्त्व पाहावे लागते. गुणसूत्रांवरील प्रत्येक स्थानी जनावराकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. चाचणीत अशी काही स्थाने निवडलेली असतात जेथे एकाच जातीच्या जनावरांतही प्रतींचे अनेक प्रकार आढळतात. मायक्रोसॅटेलाइट म्हणून ओळखली जाणारी ही स्थाने गेली काही दशके जनक-पडताळणीचा आधार राहिली आहेत. आंतरराष्ट्रीय प्राणी आनुवंशिकी संस्थेने, म्हणजे ‘आयसॅग’ने, गायींसाठी शिफारस केलेल्या संचात अशी १२ स्थाने आहेत. पारडीच्या दोन प्रतींपैकी आईची कोणती हे कळले की उरलेली बापाची. ती प्रत उमेदवार रेड्याकडे नसेल तर तो बाद. येथे एक बारीक पण निर्णायक गोष्ट लक्षात ठेवावी: चाचणी खात्रीने फक्त ‘नाही’ म्हणू शकते. ‘होय’ हे नेहमी ‘बाद करता आले नाही’ यापासून काढलेले अनुमान असते आणि त्या अनुमानाचे वजन समोर पर्याय म्हणून कोणाला धरले आहे यावर अवलंबून असते.

प्रचलित अहवालात हा पर्याय ‘त्याच जातीचा कोणताही परका नर’ असा गृहीत धरलेला असतो. सख्खा भाऊ परका नसतो. बापाची जी प्रत पारडीकडे आली, तीच प्रत बापाच्या सख्ख्या भावाकडेही असण्याची शक्यता प्रत्येक स्थानी निम्मी असते. त्यामुळे एखादे स्थान परक्या रेड्याला बाद करण्याची जेवढी ताकद बाळगते, तिच्या बरोबर निम्मी ताकद चुलत्याला बाद करताना उरते. उमेदवार बाप व लेक असले तरी हेच प्रमाण लागू पडते. खरा जनक लेक असेल तर आजा, आणि खरा जनक बाप असेल तर लेक, दोघेही चाचणीला तितकेच चकवतात. केवळ बाप एक असलेल्या सावत्र भावांत ही ताकद पाऊणपट राहते.

निम्मी ताकद म्हटल्यावर चूकही दुप्पट होत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात हिशेब फार निराळा होतो. समजा, १२ स्थानांचा संच आहे आणि प्रत्येक स्थान निम्म्या परक्या रेड्यांना बाद करते. मग एखादा परका रेडा सर्व १२ स्थानांवरून निसटण्याची शक्यता ४,०९६ मध्ये १. सावत्र भाऊ निसटण्याची शक्यता सुमारे २८० मध्ये १. आणि सख्खा भाऊ निसटण्याची शक्यता ३२ मध्ये १. एकाच संचाने, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर केलेल्या चाचणीचा विश्वास केवळ उमेदवारांच्या नात्यामुळे शंभराहून अधिक पटींनी घसरतो. त्यातही हा हिशेब सख्ख्या भावांचे आईबाप एकमेकांशी नाते नसलेले आहेत असे मानून केलेला आहे. बंदिस्त कळपात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या तेच रक्त फिरत राहते, तेथे स्थिती याहून वाईट असते.

पारडीच्या आईचा नमुना नसेल तर आणखी एक पायरी खाली उतरावी लागते. आईची प्रत कोणती हे माहीत नसल्याने दोहोंपैकी कोणतीही एक जुळली तरी उमेदवार टिकतो. वरच्याच उदाहरणात आईशिवाय प्रत्येक स्थानाची ताकद निम्म्यावरून ३० टक्क्यांवर आली असे धरले, तर परका रेडा निसटण्याची शक्यता ७२ मध्ये १ आणि सख्खा भाऊ निसटण्याची शक्यता सातामध्ये १ होते. सातामध्ये १ म्हणजे अंदाज आणि चाचणी यांतील अंतर फारसे उरले नाही. तरीही क्षेत्रावर नमुने गोळा करताना सर्वांत आधी गाळला जातो तो आईचाच नमुना. ‘आई तर ठाऊकच आहे, तिचा नमुना कशाला?’ हा युक्तिवाद गोठ्यात नेहमी ऐकू येतो. आई ठाऊक आहे हे खरे; पण तिच्या कोणत्या प्रती पारडीकडे आल्या, हे तिच्या नमुन्याशिवाय कळत नाही.

याखेरीज प्रयोगशाळेतील एक रीत अशा प्रकरणात हानिकारक ठरते. मायक्रोसॅटेलाइटमध्ये क्वचित उत्परिवर्तन होते, वाचनातही चूक होते. म्हणून एखाद्या स्थानी विसंगती आढळली तरी उमेदवाराला लगेच बाद न करण्याची मुभा ठेवली जाते. परक्या नरांच्या बाबतीत ही मुभा निरुपद्रवी आहे, कारण परका नर एक-दोन नव्हे, निम्म्याच्या आसपास स्थानांवर विसंगत निघतो. चुलता मात्र सरासरीने तीनच स्थानांवर विसंगत असतो. एका विसंगतीची सूट दिली की वरील उदाहरणात सख्खा भाऊ स्वीकारला जाण्याची शक्यता थेट सहामध्ये १ एवढी होते. खऱ्या बापाला चुकून बाद करू नये म्हणून केलेली सोय चुलत्याला आत घेण्याचे दार ठरते.

अहवालातील ‘९९.९९ टक्के’ या आकड्याचेही असेच आहे. प्रत्येक स्थानाचा पुरावा किती पट वजनदार, यांचा गुणाकार करून तो काढलेला असतो. परक्या नराच्या तुलनेत एखादे दुर्मीळ प्रतीचे स्थान पुराव्याचे वजन वीस-तीस पटींनी वाढवू शकते. पण पर्याय सख्खा भाऊ असेल तर कितीही दुर्मीळ प्रत जुळली तरी एका स्थानाने पुराव्याचे वजन दुपटीपर्यंतही पोहोचत नाही. दुर्मीळ प्रत घराण्यात शिरली की ती भावाकडेही असण्याची शक्यता निम्मी, हेच त्याचे कारण. प्रत्येक स्थान पुरावा तिप्पट करते असे धरले तर १२ स्थानांचा गुणाकार परक्या नराविरुद्ध ५ लाख ३१ हजारांहून अधिक पट होतो. सख्ख्या भावाविरुद्ध तोच पुरावा जेमतेम १३० पट भरतो. गावात असे भाऊ चार-पाच असतील तर तोही आणखी विभागला जातो.

भावांना वेगळे करण्यासाठी नराच्या वाय गुणसूत्राकडे पाहावे, असे कधी सुचवले जाते. त्याचा उपयोग मर्यादित आहे. वाय गुणसूत्र बापाकडून लेकाकडे जसेच्या तसे जाते. म्हणून एका बापाच्या सर्व लेकांचे वाय एकच. शिवाय पारडीकडे ते मुळात नसतेच. आई एक आणि बाप वेगळे असलेल्या भावांत, आणि तेही होणारे वासरू नर असेल तरच, वायमुळे निवाडा होऊ शकतो.

जुळ्या भावांची गोष्ट याहून अवघड आहे. समान जुळे असतील तर नेहमीच्या कोणत्याही संचाने त्यांच्यात निवाडा होत नाही. परंतु गायींमध्ये वेगळ्या बीजांपासून झालेल्या असमान जुळ्यांतही एक अडचण आहे, जी फारशी बोलली जात नाही. गर्भाशयात बहुतेक जुळ्या वासरांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींची देवाणघेवाण होते. जुळ्यांतील कालवड वांझ निघते, हे पशुपालकांना ठाऊक असते. त्याचे मूळ याच जोडणीत आहे. दोन्ही वासरे नर असतील तर बाहेरून काही दिसत नाही, पण आयुष्यभर एकाच्या रक्तात दुसऱ्याच्या पेशी वाहत राहतात. अशा वळूचा रक्तनमुना तपासला तर एकाच जनावरात दोन भावांचा डीएनए मिसळलेला सापडतो आणि दोघेही ‘बाद करता येत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. जुळा वळू उमेदवार असेल तर रक्ताऐवजी मुळासकट उपटलेले केस अथवा वीर्य हाच नमुना योग्य.

आणि भारतात आता एक असे उदाहरण उपलब्ध आहे जेथे प्रश्नच मिटतो, कारण उत्तर शक्यच नाही. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेत ११ डिसेंबर २०१५ रोजी ‘हिसार गौरव’ हा मुऱ्हा रेडा क्लोनिंग तंत्राने जन्माला आला. क्लोन रेडा व त्याचा मूळ दाता यांच्या पेशीकेंद्रातील डीएनए व्यवहारतः एकच असतो. फरक असलाच तर तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत, कारण तो अंडपेशी देणाऱ्या म्हशीकडून येतो; परंतु बाप आपला मायटोकॉन्ड्रिया संततीला देत नाही. म्हणजे क्लोन आणि दाता यांपैकी पारडी कोणाची, हे पारडीच्या शरीरात कोठेही लिहिलेले नसते. ते फक्त रेतमात्रेवरील छापील क्रमांकात आणि रेतनाच्या नोंदवहीत असते. क्लोन रेड्यांचा वापर वाढेल तसतसे त्या क्रमांकाचे मोल डीएनएपेक्षा अधिक ठरेल.

कीटकशास्त्राला हा पेच नवा नाही. मधमाश्यांच्या अभ्यासात भाऊ असलेले बाप ही नित्याची बाब आहे. राणीमाशी आकाशात एकामागून एक अनेक नरांशी संग करते; मेलिफेरा राणीच्या बाबतीत ही संख्या डझनाच्या पुढे जाते, तर आग्या मधमाशीत त्याच्या कितीतरी पट. पोळ्यातील कामकरी माश्या अशा रीतीने एका आईच्या पण अनेक बापांच्या लेकी असतात. बाप मात्र सापडत नाहीत, कारण संगानंतर नर मरतो. संशोधकाला लेकींवरूनच बापांची संख्या मोजावी लागते. नर माशी फलन न झालेल्या अंड्यापासून जन्मते. तिला बाप नसतो, आईकडील आजा मात्र असतो, आणि तिच्याकडे प्रत्येक स्थानाची एकच प्रत असते. त्यामुळे लेकींतून राणीची प्रत वजा केली की बापाची खूण स्वच्छ उरते. येथपर्यंत हे काम गोठ्यातील कामाहून सोपे आहे.

अडचण येते ती दोन नर एकाच पेटीतून आलेले, म्हणजे एकाच राणीचे लेक, असतील तेव्हा. त्या राणीकडे एखाद्या स्थानी दोन वेगळ्या प्रती असतील तर दोन भावांना तीच प्रत मिळण्याची शक्यता निम्मी; दोन्ही प्रती सारख्या असतील तर भावांत फरक पडण्याचा प्रश्नच नाही. पाच स्थाने तपासली आणि त्यांपैकी तीनच स्थानी राणीकडे वेगळ्या प्रती असल्या, तर आठांतून एकदा दोन भाऊ बाप एकच बाप म्हणून मोजले जातात. मोजणी कमी भरते. म्हणून मधमाश्यांच्या पितृत्वावरील अभ्यासांत बापांची संख्या देताना दोन प्रकारच्या चुका वेगळ्या दाखवण्याचा प्रघात आहे: किती बाप नमुन्यात आलेच नसतील आणि किती बाप एकमेकांसारखे असल्यामुळे ओळखता आले नसतील. दुसऱ्या चुकीचा आकडा दिलेला नसेल तर जाणकार वाचक निष्कर्षावर विसंबत नाही. लाखो माश्यांतील एका पोळ्यासाठी जी शिस्त पाळली जाते, ती लाखाच्या सौद्याच्या म्हशीसाठी पाळली जाऊ नये, हे विचित्रच म्हणावे लागेल.

मधपाळांना या नात्याची किंमत चाचणीविनाही मोजावी लागते. मधमाशीचे लिंग एका जनुकस्थानावर ठरते. हे जनुक २००३ मध्ये ओळखले गेले. राणी व तिचा नर यांच्याकडे या स्थानाची एकच प्रत असली तर त्या संगातून झालेल्या अंड्यांपैकी निम्मी अंडी निकामी नरांची होतात आणि कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात. चौकटीवर मधल्या मधल्या कोठड्या रिकाम्या असलेले ठिपकेदार पिलावर दिसू लागते, वसाहत जोर धरत नाही. दोन-तीन मातृवसाहतींपासून शेकडो राण्या तयार करणाऱ्या केंद्रांनी हे चित्र रोग समजून औषधे देण्यापूर्वी आपल्या नरांचे मूळ तपासावे.

गोठ्याकडे परतताना एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. तो रास्त वाटतो आणि अनेक जाणते पशुपालकही तो मांडतात. दोन्ही रेडे एकाच आईबापांचे, मग पारडी याची की त्याची, याने फरक काय पडतो? रक्त तर एकच. हा आक्षेप पैदाशीच्या शास्त्राच्या मुळावरच येतो. सख्ख्या भावांत आनुवंशिक फरक नसता तर संततीवरून वळूची पारख करण्याची सारी खटपट व्यर्थ ठरली असती. प्रत्यक्षात एखाद्या जातीत दुधाच्या गुणाबाबत जेवढा आनुवंशिक फरक असतो, त्यातील निम्मा फरक सख्ख्या भावंडांमध्येच सामावलेला असतो; सावत्र भावंडांत तर तो तीन-चतुर्थांश असतो. एकाच नामांकित रेड्याच्या दोन लेकांपैकी कोणाच्या लेकी अधिक दूध देतात, हेच तर संतती-परीक्षणातून शोधायचे असते. लेकींची नावे एका भावाऐवजी दुसऱ्याच्या खात्यावर गेली की उत्तम लेक सरासरी दिसू लागतो आणि सरासरी लेक उत्तम. परक्याच्या खात्यावर गेलेली चूक निदान आकड्यांत खटकते, एखादेवेळी पकडली जाते. भावाच्या खात्यावर गेलेली चूक बेमालूम मिसळून जाते. ब्रिटन आणि इस्रायलमधील दुग्धजनावरांच्या अभ्यासांत सुमारे दहापैकी एका गायीचा नोंदवलेला बाप चुकीचा आढळला होता, आणि त्या दोन्ही देशांत नोंदींची शिस्त जुनी आहे.

दुसरा फरक थेट गोठ्यात दिसतो. गावातील रेडा तीन-चार वर्षांनी तोच असतो आणि तीच पारडी आता माजावर आलेली असते. तो तिचा चुलता असेल तर त्यांच्या संततीतील आंतरप्रजननाचे प्रमाण १२.५ टक्के, तो तिचा बाप असेल तर २५ टक्के. दोन्ही टाळण्याजोगेच, पण अहवालात चुलत्याला बाप ठरवून खरा बाप ‘परका’ म्हणून मोकळा सोडला गेला, तर पशुपालक शास्त्राच्या आधारानेच बापलेकीचा संग घडवून आणतो. होल्स्टीन संकरित वळूंत ‘ब्लॅड’सारख्या दोषाचा वाहक असलेल्या वळूचा सख्खा भाऊ स्वच्छ असू शकतो आणि उलटही, तेव्हा कोणता भाऊ, हा प्रश्न तेथेही येतोच. अर्थात अशा एका जनुकाच्या दोषासाठी बापाचा शोध घेत बसण्यापेक्षा वासराचीच थेट चाचणी करणे शहाणपणाचे.

तंत्रज्ञानाने या कोड्याचा मोठा भाग सोडवला आहे, हे मान्य केले पाहिजे. मायक्रोसॅटेलाइटची जागा आता एसएनपी म्हणजे एकेका अक्षराच्या फरकाची स्थाने घेत आहेत. आयसॅगने गायींसाठी १०० मुख्य व १०० पूरक अशा २०० एसएनपींचा संच शिफारस केलेला आहे. एकेका एसएनपीची ताकद मायक्रोसॅटेलाइटहून कमी. परंतु संख्या सारे भरून काढते. आदर्श स्थितीत २०० स्थानांवर परका नर सरासरी २५ ठिकाणी वासराशी पूर्णतः विसंगत ठरतो, सख्खा चुलता १२-१३ ठिकाणी, आणि खरा बाप वाचनाची चूक वगळता एकाही ठिकाणी नाही. बारा आणि शून्य यांत गल्लत होण्याचे कारण उरत नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी गायींसाठी ‘गौ चिप’ व म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण झाले. हजारो स्थाने एकाच वेळी वाचणाऱ्या अशा चिपवर ज्या जनावराची माहिती आहे, त्याच्या बाबतीत बाप व चुलता यांतील निवाडा हा वेगळा खर्चही ठरत नाही. तो आयताच हाती येतो. शिवाय ‘हा रेडा बाप नाही, पण बापाचा जवळचा नातेवाईक आहे’ असे सांगण्याची क्षमता चिपमध्ये आहे. बारा स्थानांच्या संचाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

मात्र कोणतीही चिप यादीत नसलेल्या बापाला शोधून देत नाही. खरी उणीव प्रयोगशाळेत नसून यादीत आहे. चाचणीसाठी पाठवल्या जाणाऱ्या अर्जांत वासराचा बिल्ला क्रमांक, आईचा क्रमांक, उमेदवार नराचा क्रमांक एवढेच विचारून भागणार नाही. ‘गेल्या माजात या जनावराजवळ दुसरा कोणता नर आला होता काय आणि तो नमूद नराचा कोण लागतो?’ हा रकाना त्यात असलाच पाहिजे. मानवी पितृत्वाच्या प्रकरणांत जाणकार तपासनीस भावाबद्दल विचारतो. पशूंच्या प्रकरणात नाते विचारण्यात संकोचाचेही कारण नाही. कळपात ते नाते अपवाद नसून नियम असते. विस्तार कार्यकर्त्याने हा प्रश्न तोंडी विचारून अर्जाच्या कडेला लिहून पाठवला तरी तपासनीसाचे अर्धे काम होते, कारण मग तो १२ स्थानांवर न थांबता संच वाढवतो किंवा निदान अहवालात मर्यादा नोंदवतो.

अहवालाची भाषाही बदलायला हवी. ‘जनक आहे’ असे न लिहिता कोणाकोणाची तुलना केली, कोण बाद झाले, कोण बाद झाले नाही, आईचा नमुना होता की नव्हता आणि नमूद नराचा सख्खा भाऊ तपासलेला नसेल तर निष्कर्षाचे बळ किती, एवढे चार ओळींत लिहिता येते. टक्केवारी द्यायचीच असेल तर ती कोणाच्या तुलनेत, हे सांगणे बंधनकारक असावे. रेतन केंद्रासाठी निवडल्या जाणाऱ्या वासरांच्या बाबतीत तर भावाविरुद्धचा आकडा दिल्याशिवाय अहवाल स्वीकारूच नये, असे म्हणणे कठोर वाटले तरी योग्य आहे. एका रेड्याच्या हजारो रेतमात्रा गावोगाव जातात. तेथील एक चूक हजारो गोठ्यांत पोहोचते.

नमुन्यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त सुधारणा सर्वांत दुर्लक्षित आहे. गावातील पैदाशीचा रेडा, वळू वा बोकड विकण्यापूर्वी त्याच्या शेपटीच्या टोकाचे वीस-तीस केस मुळासकट उपटून कोरड्या कागदी पाकिटात, वर बिल्ला क्रमांक व तारीख लिहून, ठेवले तर पुढे वर्षानुवर्षे ते उपयोगी पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. ओल धरून मुळे कुजतात. जनावर बाजारात गेल्यावर त्याचा शोध घेत हिंडण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम बरे. सहकारी दूध संस्था किंवा पशुवैद्यकीय दवाखाना येथे अशा पाकिटांची एक पेटी असणे अशक्य नाही. केंद्र सरकारच्या ‘भारत पशुधन’ प्रणालीत बारा अंकी बिल्ल्याखाली रेतनाची नोंद होते. गावातील रेड्याकडे नेल्याची नोंद मात्र सहसा कोणी करीत नाही आणि बहुतेक वाद त्या कोऱ्या जागेतूनच निघतात.

शेळीपालनात ही बाब अधिक बिकट आहे, कारण तेथे नैसर्गिक संगच मुख्य. चांगल्या बोकडाचे दोन लेक एकाच वेळी कळपात फिरत असतात आणि एकाच वेतातील दोन करडांचे बाप वेगळे असू शकतात. एक करडू एका भावाचे, दुसरे दुसऱ्याचे. म्हणून जुळ्या करडांपैकी एकाचा नमुना घेऊन दोघांचा निकाल लावणे चूक आहे. येथे चाचणीपेक्षा कुंपण स्वस्त पडते. दोन भाऊ बोकड ठेवायचेच असतील तर ते दोन गटांत ठेवावेत, अथवा एक काढून दुसरा सोडताना मध्ये किमान एका माजचक्राचे, म्हणजे सुमारे तीन आठवड्यांचे, अंतर ठेवावे. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा आणि त्यात फारशी कमीजास्त होत नाही. एवढ्या अंतराने सोडलेल्या दोन भावांतील बाप विण्याच्या तारखेवरूनच बहुधा ठरतो. म्हैस २१ दिवसांनी उलटली आणि दुसऱ्या वेळी वेगळा रेडा लागला असेल, तर तेथेही विण्याची तारीख जे सांगते ते बारा स्थानांचा संच सांगू शकत नाही. सकाळी रेतन आणि संध्याकाळी गावचा रेडा या प्रकारात मात्र तारीख मुकी होते. म्हणून तो प्रकार टाळावा. आणि टाळता आला नाही तर निदान त्याच दिवशी त्या रेड्याचे केस पाकिटात जावेत.